कॅमेऱ्याची तबकडी

आमच्या नांदेडच्या घरांत आजीचीं छायाचित्रें दोनच आहेत. पहिलें १९८१ सालचें, कृष्णधवल. तें माझ्या मामांनीं काढलेलें. दुसरें २००९ सालच्या दिवाळींतलें, रंगीत. तें मीं काढलेलें. पहिल्यांत आजी लातूरच्या घराच्या उंबरठ्यावर बसली आहे, समोर पाहात आहे, आणि तिच्या कपाळावरील सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतकी स्वच्छ उमटली आहे. दुसऱ्यांत उंबरठा तोच आहे. परंतु त्यावर आजी नाहीं. चित्राच्या एका कडेस तिच्या लुगड्याचा पदर मात्र अस्पष्टसा दिसतो, कारण त्या क्षणीं ती उठून आंत जात होती. या दोन चित्रांमध्यें २८ वर्षांचें अंतर आहे असें कोणीही म्हणेल. परंतु खरें अंतर रुपयाएवढ्या एका चकतीचें होतें, हें मला फार उशिरां उमगलें. त्या चकतीची ही हकीकत आहे.

माझे मामा लातूरचे. गंज गोलाईपासून हाकेच्या अंतरावर एका बोळांत त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी लागली कीं आम्ही भावंडें नांदेडहून एस. टी. नें लोहा, अहमदपूर, चाकूर असे थांबे मोजीत आजोळीं जात असूं. ज्यांनीं गोलाई पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों कीं, लातूरची ही बाजारपेठ वर्तुळाकार असून तिच्यापासून १६ रस्ते चोहोंकडे फुटले आहेत. परगांवच्या माणसाची तेथें हमखास दिशाभूल होते. परंतु लातूरच्या माणसास कोठें वळावें हें पाटी वाचून ठरवावें लागत नाहीं. बोलतां बोलतां त्याचे पाय योग्य रस्त्यास लागतात. मामा थट्टेनें म्हणत, "गोलाई म्हणजे लातूरची डायल आहे." डायल हा शब्द मीं प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. कॅमेऱ्याच्या माथ्यावर जी आंकडे कोरलेली फिरती चकती असते तिला फोटोग्राफर मंडळी डायल म्हणतात. मी येथें तिला तबकडी म्हणतों.

मामांचा कॅमेरा पेंटॅक्स के-१००० या जातीचा होता. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत तयार होत होता. त्याचें सर्व काम यंत्रानें, म्हणजे दांत्यांनीं आणि स्प्रिंगांनीं चाले. बॅटरी लागे ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या कांट्यापुरती. ती संपली तरी फोटो निघावयाचा थांबत नसे. त्याच्या माथ्यावर पडद्याच्या वेगाची तबकडी होती. तिच्यावर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आंकडे होते. १२५ म्हणजे पडदा सेकंदाच्या १२५ व्या भागापुरताच उघडा राहणार. भिंगाभोंवतीं दुसरें एक कडें होतें, त्यानें आंतील छिद्र लहान-मोठें होई. त्यावर २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चमत्कारिक आंकडे असत आणि येथें आंकडा जितका मोठा तितकें छिद्र लहान.

मला या उलट्या आंकड्यांचा उलगडा होईना, तेव्हां मामांनीं मला न्हाणीघरांत नेलें. नळाखालीं कळशी ठेवून त्यांनीं नळ पुरता सोडला. कळशी चटकन भरली. ती ओतून नळ अर्धा सोडला; कळशी भरली, पण दुप्पट वेळानें. "पाणी तेवढंच आलं का नाही?" ते म्हणाले. "छिद्र म्हणजे तोटी, आणि तबकडी म्हणजे वेळ. एक अर्धं केलं तर दुसरं दुप्पट करायचं." म्हणून १२५ व ८ या जोडीनें फिल्मवर जितका प्रकाश पडतो तितकाच २५० व ५.६ या जोडीनें पडतो. पहिल्यांत वेळ अधिक, दुसऱ्यांत तोटी मोठी. हा दृष्टान्त लातुरास शोभण्यासारखाच होता. ज्या शहरास २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील मुलास तोटी आणि कळशी यांचें गणित निराळें शिकवावें लागत नाहीं.

पुढचा धडा मात्र कठीण होता. मामांनीं माझ्या डोळ्यांवर उपरणें बांधलें, तबकडी १००० वर आणून कॅमेरा माझ्या हातीं दिला आणि "१२५ लाव," असें सांगितलें. मी गोंधळलों. ते म्हणाले, "मागं तीन खटके मोज." तबकडी फिरविली कीं प्रत्येक आंकड्यावर ती किंचित अडते व 'टिक्' असा बारीकसा आवाज होतो. आंतील एक लहानसा भाग स्प्रिंगेच्या जोरानें खांचेंत बसतो, त्याचा तो आवाज. एक खटका ५००, दुसरा २५०, तिसरा १२५. उपरणें सोडून पाहतों तों आंकडा बरोबर! त्या सुटींत हा खेळ आम्ही रोज खेळलों. सुटी संपतांना मला कारण विचारल्यावांचून राहवेना. डोळे धड असतां आंधळ्याप्रमाणें कां शिकावें? मामा म्हणाले, "लेकरा, आकडे बोटाला कळतेत. डोळा माणसासाठी मोकळा ठेवायचा."

या वाक्याचा अर्थ त्यांना स्वतःला कोणत्या प्रसंगीं पुरता कळला, तें त्यांनीं मला पुढें एकदांच सांगितलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सभोंवतींचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं व सुमारें १०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर कांहीं दिवसांनीं मामा तिकडे गेले होते. दगडमातीच्या ढिगाशेजारीं बसलेल्या एका म्हाताऱ्यानें त्यांना जवळ बोलाविलें आणि स्वतःचा फोटो काढावयास सांगितला. घरांतील सर्व चित्रें ढिगाखालीं गेलीं होतीं. उरलेल्या नातवास निदान एक मुद्रा तरी हवी, एवढीच त्याची इच्छा. तो बोलत होता आणि मामा ऐकत होते. ऐकतां ऐकतांच त्यांच्या बोटांनीं तबकडी फिरविली, कडें फिरविलें. मामा मला म्हणाले, "माणूस असं बोलत असताना मान खाली घालून डबा बघावा, असं व्हायला नको होतं. ते झालं नाही, एवढंच समाधान." तो फोटो मामांनीं कोणास दाखविला नाहीं, ज्याचा होता त्यास नेऊन दिला.

आतां या तबकडीचा थोडा पूर्वेतिहास सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छिद्र लहान-मोठें करावयाचें तर निरनिराळीं भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या भिंगाच्या फटींत सरकवीत, आणि भिंगावरील टोपण हातानें काढून मनांत सेकंद मोजीत. आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यांत होता तेथील दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची कीर्ति त्याच शतकांतली. १९२५ सालीं जर्मनींत ऑस्कर बार्नाक यांच्या कल्पनेंतून निघालेला लायका हा लहान कॅमेरा विक्रीस आला. त्याच्या माथ्यावर पडद्याच्या वेगाची तबकडी होती, आणि पुढील जवळजवळ ६० वर्षें कॅमेरे पुष्कळसे त्याच वळणानें घडत गेले. मग विजेच्या सूक्ष्म मंडलांचें युग आलें. १९८५ सालीं मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यानें वेगाची तबकडी काढून तिच्या जागीं दाबावयाच्या कळा बसविल्या. कळ दाबून एकेक आंकडा पुढें नेण्यापेक्षां चाक फिरविणें सोपें, हें कॅनन कंपनीच्या टी-९० या कॅमेऱ्यानें १९८६ सालीं तर्जनीखालीं एक दांतेरी चाक देऊन दाखवून दिलें. १९८९ सालच्या ईओएस-१ मध्यें आंगठ्यासाठीं पाठीवर दुसरें मोठें चाक आलें. परंतु या चाकांवर आंकडे नव्हते. आंकडा निराळ्या खिडकींत दिसे, आणि चाक कशाचें काम करील हें त्या घटकेस कॅमेरा कोणत्या व्यवस्थेंत आहे यावर अवलंबून राही. पुढें डिजिटल कॅमेऱ्यांनीं हींच चाकें उचललीं. पहिला डिजिटल कॅमेरा स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानें १९७५ सालीं कोडॅक कंपनींत जोडला होता. त्याचें चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचें होतें आणि तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. तेथून जो प्रवास झाला त्यांत फिल्म गेली, आणि कित्येक लहान कॅमेऱ्यांवरून तबकडीही गेली. उरली ती पाठीवरची प्रकाशमान कांच आणि तिच्यांतील याद्या.

असाच एक कॅमेरा मीं २००९ सालीं माझ्या पहिल्या पगारांतून घेतला. तो कोणत्या कंपनीचा होता हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या काळीं पुष्कळ तसेच असत. साबणाच्या वडीएवढा, चकचकीत, खिशांत मावणारा. मोठ्या ऐटीनें तो घेऊन मी दिवाळीस लातुरास गेलों. पाडव्याच्या संध्याकाळीं आजी उंबरठ्यावर येऊन बसली. अंगणांतल्या पणत्यांचा उजेड खालून आणि मावळतीचा उजेड समोरून तिच्या तोंडावर पडला होता. मी म्हटलें, "आजी, हलूं नकोस." पहिला फोटो घेतों तों कॅमेऱ्यानें आपणहून आपला दिवा चमकावला आणि आजीचा चेहरा भिंतीसारखा पांढरा आला. तो मीं तत्काळ पुसून टाकला. दिवा बंद करावयास हवा होता, आणि अंधुक उजेडासाठीं ग्रहणशक्तीचा आंकडा वाढवावयास हवा होता. हीं दोन्ही कामें त्या कॅमेऱ्यांत होत असत, हें मला ठाऊक होतें. कोठें होत असत, तें मात्र आठवेना. मी याद्या उघडूं लागलों. एका यादीच्या पोटांत दुसरी, दुसरीच्या पोटांत तिसरी. एक पान चुकलें कीं परत आरंभापासून.

आजी बराच वेळ हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. शेवटीं ती म्हणाली, "लेकरा, तू मला बघायलास का त्या डब्याला?"

मी "झालंच, झालंच," म्हणालों. तोंवर मावळतीचा उजेड गेला. आंतून कोणीतरी तिला हांक मारली, ती उठली, आणि नेमका त्याच वेळीं माझा आंकडा सांपडून कळ दाबली गेली. मामा माझ्यामागेंच उभे होते. ते एक अक्षर बोलले नाहींत. मार्गशीर्ष महिन्यांत आजी गेली. ती माझी आजी होती; पण मामांची ती आई होती, आणि तिची शेवटची मुद्रा माझ्या हातून गेली होती. ती गोष्ट मनांतून जाण्यास मला कित्येक वर्षें लागलीं. खरें सांगावयाचें तर अद्याप गेलेली नाहीं.

पुष्कळ दिवस मी तो दोष यंत्राच्या माथीं मारीत असें. एकदां मामांपाशीं तसें बोललोंही. मामा म्हणाले, "डब्याला नाव ठेवू नको. माझी तबकडी तरी मला पहिल्या दिवशी कुठं कळत होती? उपरणं बांधून शिकलास तेव्हा कळली. या डब्यासाठी तू उपरणं बांधलंस का?" मीं बांधलें नव्हतें. परंतु त्यांचें म्हणणें मान्य करूनही एक शंका उरते, आणि ती मीं त्यांना विचारली: या कांचेवरच्या याद्या उपरणें बांधून शिकतां तरी येतील काय? कांच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. तिच्यावर कोठें काय आहे हें बोटास कळत नाहीं. मामा विचारांत पडले आणि म्हणाले, "हां, हे मात्र खरं आहे."

या संवादाचा शेवट दैवानेंच पुढें केला. मधुमेहानें मामांच्या दृष्टीचा मध्यभाग अधू झाला. समोरची वस्तु पुसट आणि कडेची थोडी बरी दिसे. फिल्म मिळेनाशी झाल्यामुळें मामेभावानें त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिलाच होता. पण त्याच्या कांचेवरचीं बारीक अक्षरें त्यांना आतां वाचतां येईनात, आणि वैशाखाच्या उन्हांत तर ती कांच धडधाकट डोळ्यांनाही काळी पाटीच दिसे. ४० वर्षांचा हात रिकामा बसण्याची वेळ आली. सुदैवानें २०११ सालच्या फुजीफिल्म एक्स-१०० आणि २०१३ सालच्या निकॉन डीएफ यांसारख्या कॅमेऱ्यांनीं आंकडे कोरलेल्या तबकड्या परत आणल्या होत्या. तसल्या प्रकारचा एक जुना कॅमेरा मामेभावानें शोधून आणला. मामांनीं तो हातांत घेऊन प्रथम चालूच केला नाहीं. नुसती तबकडी फिरविली, 'टिक्, टिक्' ऐकलें, आणि हंसले. मामेबहिणीनें १२५ च्या आंकड्यावर नखांस लावावयाच्या रंगाचा एक थेंब टाकून वाळविला. तो उंचवटा बोटास लागला कीं तेथून पुढें-मागें मोजावयाचें. येणेंप्रमाणें मामा पुन्हां बारशांचे आणि साखरपुड्यांचे फोटो काढूं लागले.

तथापि तबकडींत दोष नाहींत असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें हा अन्याय होईल. त्याच कॅमेऱ्यावर उजेड कमी-जास्त करण्याची एक लहान तबकडी होती. एकदां पिशवींतून काढतांना ती घासून उणे दोनवर सरकली, आणि एका शाळेंतील वर्गाचे सर्व फोटो काळवंडून आले. मामा दुसऱ्या दिवशीं पुनः गेले व मोबदला न घेतां ते पुन्हां काढून आले. तेव्हांपासून कॅमेरा बाहेर काढला कीं ते प्रथम ती तबकडी आंगठ्यानें चाचपून शून्यावर आणीत. अशा अपघातासाठीं कांहीं तबकड्यांस कुलूप असतें. पण कुलूप फार कडक झालें तर घाईच्या वेळीं तबकडी फिरतच नाहीं. उलट, आंकडे नसलेल्या चाकाचे गुणही आहेत. तें एकटें अनेक कामें करतें, जागा थोडी घेतें, आणि ज्याचा हात त्यावर बसला आहे त्याला तें तबकडीहूनही चपळ वाटतें. कोणतें चांगलें हा प्रश्न म्हणूनच सरसकट सोडवितां येत नाहीं.

परंतु विद्यार्थिमित्रहो, एखादी वस्तु पारखण्याची रीत त्यांतून मिळते, आणि ती कॅमेऱ्यापुरती नाहीं. आपल्या घरांतील पंख्याचें बटण पाहा, शेगडीची कळ पाहा, किंवा मोबाइलची गुळगुळीत कांच पाहा. न पाहतां ती हातास सांपडते काय? वस्तु बंद असतांही तिची स्थिति डोळ्यास कळते काय? ती चुकून फिरत तर नाहीं? आणि घरांत ज्याचे डोळे अधू आहेत किंवा हात कांपतात, त्याला ती वापरतां येते काय? तुमच्यापैकीं कोणी पुढें अभियंते होतील आणि असल्या वस्तु घडवितील. त्या वेळीं, वस्तूकडे पाहावयास लागणारा प्रत्येक क्षण समोरच्या माणसाकडून काढून घ्यावा लागतो, एवढा हिशेब ध्यानांत ठेवा. आणि जे वस्तु घडविणार नाहींत, केवळ वापरणार आहेत, त्यांनीं ती आधीं उपरणें बांधून शिकावी.

२०२२ सालच्या उन्हाळ्यांत मी लातुरास गेलों होतों. संध्याकाळीं मामांना घेऊन गोलाईवर फिरावयास निघालों. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तरी रस्ता मीच चुकलों आणि त्यांनीं मला वळविलें. एका ओट्यावर ते टेकले आणि त्यांनीं किल्लारीच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट मला सांगितली. मघाशीं लिहिली ती हीच. त्यांचा कॅमेरा माझ्या गळ्यांत होता. मीं मान खालीं घातली नाहीं. आंगठ्यास तो रंगाचा उंचवटा लागला, तेथून उजेड पाहून एक खटका मागें घेतला, भिंगाचें कडें फिरविलें. मामा बोलतच होते. त्यांना कळ दाबल्याचें कळलें असेल असें मला वाटलें नाहीं.

तें चित्र आतां आमच्या घरीं आजीच्या दोन चित्रांशेजारीं लावलें आहे. त्याची प्रत मीं मामांना नेऊन दिली, तेव्हां त्यांनीं ती खिडकीपाशीं धरून मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेनें बराच वेळ न्याहाळली.

"जरा काळा आलाय," ते म्हणाले. मग थोडें थांबून म्हणाले, "पण माझ्याकडं बघून काढलास."